लंगडण्याची चोरी



आज एक चूक कबूल करायची आहे आणि तिच्या निमित्ताने थोडं खेळाबद्दल लिहायचं आहे. खेळाचं नाव काढल्यावर काही वडीलधारी मंडळी हे पान मिटतील हे मला ठाऊक आहे. त्यांनी याकोबापर्यंत तरी थांबावं ही विनंती.

आमच्या तरुण संघातली एक मुलगी कॉलेजकडून बास्केटबॉल खेळते. दीड वर्षापूर्वी एका सामन्यात ती उंच उडी घेऊन खाली आली ती वाकड्या पायावर. गुडघ्यातला बंध तुटला. ऑपरेशन झालं, कुबड्या आल्या, मग रोजचा व्यायाम. आजाऱ्यांच्या भेटीचं काम माझ्याकडे असल्याने मी तिच्या घरी जात होतो आणि बुधवारच्या प्रार्थनासभेत तिचं नाव घेतलं जात होतं. अकरा महिन्यांनी ती पुन्हा संघातून खेळली. पुढच्याच रविवारी उपकारस्तुतीच्या वेळी मी उभा राहिलो आणि मोठ्या आवाजात सांगितलं, आपली मुलगी पूर्ण बरी झाली, अगदी पूर्वीसारखी खेळायला लागली, देवाची स्तुती असो. सगळ्यांनी हालेलूया म्हटलं. ती तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसली होती. मला वाटलं, लाजली.

त्यानंतर तीन रविवार ती उपासनेला आली नाही. चौथ्या आठवड्यात मी घरी गेलो. आई चहा ठेवायला आत गेली तेव्हा ती हळूच म्हणाली, "काका, राग मानू नका. पण तुम्ही चर्चमध्ये सांगितलंत ना, त्या दिवसापासून मला लंगडायची चोरी झालीय."

"म्हणजे, अजून दुखतं?"

"थंडीत दुखतं. पण ते जाऊ दे. मी पूर्वीसारखी खेळतच नाही, काका. पूर्वी मी सरळ आत घुसायचे. आता उडी मारायच्या आधी माझा पायच मला विचारतो, नक्की का? म्हणून मी बाहेरूनच बॉल टाकते. कोच म्हणतात, चांगलं चाललंय, असंच खेळ. आणि चर्चमध्ये जो तो विचारतो, आता अगदी पूर्वीसारखं ना? हो म्हटलं तर मी खोटी. नाही म्हटलं तर तुमची साक्ष खोटी."

चहा आला. मी तो गरम असतानाच पिऊन टाकला, कारण बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

निघताना तिने मोबाइलवर क्ले थॉम्पसन नावाच्या अमेरिकन खेळाडूचं नाव दाखवलं आणि म्हणाली, याच्याबद्दल वाचा. मी वाचलं. हा एनबीएमधला, दुरून नेम धरण्यात जगातल्या सर्वोत्तमांपैकी एक. १३ जून २०१९ रोजी अंतिम मालिकेच्या सामन्यात उडीवरून खाली येताना त्याचा डावा गुडघा गेला. आत नेल्यावर तो परत मैदानात आला, मिळालेले दोन फ्री थ्रो टाकले, दोन्ही बास्केटमध्ये गेले, आणि मग तो गेला. पुढच्या वर्षी सावरत असतानाच उजव्या पायाच्या टाचेवरची मोठी शीर तुटली. तो परत खेळला तो ९ जानेवारी २०२२ रोजी, ९४१ दिवसांनी. त्याच वर्षी त्याचा संघ विजेता ठरला. आपल्याला गोष्ट इथे संपवायला आवडते. पण ती इथे संपत नाही. पूर्वी प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत चपळ खेळाडूला अडवायचं काम याच्याकडे असायचं. परतल्यावर ती पावलं तितकी वेगवान राहिली नाहीत. नेम राहिला, पाय बदलले. २०२४ च्या फेब्रुवारीत प्रशिक्षकाने त्याला सुरुवातीच्या पाचातून काढून बाकावर बसवलं. पदार्पणाच्या हंगामानंतर असं प्रथमच घडत होतं. त्या दिवशी बाकावरून उठून त्याने ३५ गुण केले.

डेरिक रोझचं नावही तिने सांगितलं होतं. २०११ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २८ एप्रिल २०१२ रोजी गुडघ्याचा तोच बंध तुटला. पुढच्या हंगामात डॉक्टरांनी सरावाला परवानगी दिली तरी तो उतरला नाही. मला अजून भरवसा वाटत नाही, असं त्याचं म्हणणं. शिकागोच्या लोकांनी आणि वर्तमानपत्रांनी त्याला फार बोल लावले. आम्ही मंडळीतले लोक निदान हालेलूया म्हणून तरी दबाव आणतो.

हा बंध म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत तिरकं बांधून ठेवणारी ही एक जाड दोरी. पूर्ण तुटली की सहसा ती आपली आपण जुळत नाही. मग आपल्याच शरीरातून, वाटीखालून किंवा मांडीच्या मागून, एक पट्टी काढून तिच्या जागी बसवतात. ही बसवलेली पट्टी पहिल्या काही आठवड्यांत उलट कमजोर होते. मग तिच्यात रक्त खेळू लागतं आणि ती सावकाश त्या जागेची होते. म्हणून नऊ महिने, वर्ष असा काळ लागतो. शिवाय मूळ बंधात जाणिवेचे तंतू असतात. पाय किती वळला आहे हे खाली न बघता आपल्याला कळतं त्यात त्यांचा वाटा असतो. नव्या बंधात ते पहिल्याइतके येत नाहीत. म्हणजे ती मुलगी जे सांगत होती, माझा पायच मला विचारतो, ते भित्रेपण नव्हतं. पायाचं बरोबर होतं.

(मध्येच एक गंमत. हा खेळ आपल्याच गोतावळ्यातला आहे. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड इथे वायएमसीएच्या शाळेत जेम्स नेस्मिथ या ईश्वरविज्ञान शिकलेल्या शिक्षकाने तो शोधला. हिवाळ्यात आत खेळता यावा आणि अंगावर धावून जाणं कमी व्हावं, मुलांना लागू नये, हाही एक हेतू. बिचाऱ्याने पीचच्या दोन टोपल्या टांगल्या तेव्हा गुडघ्यांचा विचार कुठून करणार!)

पण वडोदऱ्यात राहून इतक्या लांब कशाला जायचं? हे क्रिकेटचं शहर. सांगलीत जन्मलेले विजय सॅम्युएल हजारे, आपल्यातलेच मराठी ख्रिस्ती, इथे खेळले, इथेच राहिले आणि २००४ साली इथेच प्रभूघरी गेले. आपल्या कित्येक घरांत अजून त्यांचं नाव अभिमानाने निघतं. आणि गंभीर दुखापतीनंतर माणसाचं काय होतं हे बघायचं तर याच गावातली दोन माणसं पुरेत.

एक आजच्या पिढीचा, हार्दिक पंड्या. १९ सप्टेंबर २०१८ रोजी दुबईत पाकिस्तानविरुद्ध गोलंदाजी करताना तो पाठ धरून खाली पडला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. पुढच्या वर्षी लंडनमध्ये कमरेवर शस्त्रक्रिया झाली. वेगवान गोलंदाज चेंडू सोडतो त्या क्षणी त्याच्या शरीराच्या कितीतरी पट भार पुढच्या पायावर येतो आणि त्याच वेळी कंबर वाकते आणि पिळवटते. दर चेंडूला तेच. परतल्यावर बराच काळ तो नुसता फलंदाज म्हणून खेळला, आणि लोक विचारत राहिले, गोलंदाजी कधी? संघात मग घेता कशाला? कसोटी सामना तर तो २०१८ नंतर खेळलेलाच नाही. पण जो परतला तो वेगळा होता. २०२२ मध्ये गुजरात टायटन्सचा कर्णधार म्हणून, पूर्वी शेवटी येऊन षटकार मारणारा हा मुलगा चौथ्या क्रमांकावर येऊन डाव बांधत होता. पहिल्याच हंगामात संघ जिंकला, आणि अहमदाबादच्या अंतिम सामन्यात त्याने १७ धावांत ३ बळी घेतले. तीनच महिन्यांनी तो त्याच दुबईत, पुन्हा पाकिस्तानविरुद्ध उभा होता. ३ बळी घेतले आणि शेवटी षटकार मारून सामना संपवला. याच ड्रेसिंग रूममधून मला स्ट्रेचरवरून नेलं होतं, याची आठवण त्याने नंतर स्वतः काढली. २०२३ च्या विश्वचषकात पुण्यात पुन्हा घोटा दुखावला, तीन चेंडू टाकून बाहेर. २०२४ मध्ये बार्बाडोसला विश्वचषकाचं शेवटचं षटक त्याच्याच हाती होतं. ते संपल्यावर तो रडला. मी टीव्हीसमोर एकटा बसलो होतो, मीही रडलो. पुरुषांनी हे सांगावं की नाही ठाऊक नाही, सांगून टाकतो.

पण माझ्या मनात घर करून राहिले ते दुसरे. अंशुमन गायकवाड. ज्यांना त्यांचा खेळ आठवतो त्यांना वेगळं सांगायला नको. लहानांसाठी सांगतो. १९७६ चा एप्रिल महिना, जमैकातलं सबिना पार्क. आधीच्या कसोटीत पोर्ट ऑफ स्पेनला भारताने चारशेहून अधिक धावा चौथ्या डावात करून जिंकलं होतं, आणि ते वेस्ट इंडिजच्या जिव्हारी लागलं होतं. जमैकाला त्यांनी वेगवान गोलंदाज पुढे केले. खेळपट्टी अशी की चेंडू कधी कसा उठेल त्याचा नेम नाही. डोक्यावर हेल्मेट नाही, तेव्हा ती नव्हतीच. गावसकर आणि गायकवाड यांनी १३६ धावांची सलामी दिली. गायकवाड तेव्हा तेवीस वर्षांचे. छातीवर, हातावर, बोटांवर चेंडू घेत ते ८१ पर्यंत पोचले. मग मायकेल होल्डिंगचा चेंडू डाव्या कानावर बसला. कानाचा पडदा फाटला. तिथून थेट रुग्णालय. आपले इतके जण जायबंदी झाले की दुसऱ्या डावात पाच गडी बाद झाल्यावर खेळायला माणूसच उरला नाही.

या गोष्टीला आपण धैर्याची गोष्ट म्हणतो. आहेच. पण ती आपण त्या ८१ धावांवर थांबवतो, आणि मला वाटतं खरी गोष्ट त्यापुढची आहे. ते परत आले. १९७९ मध्ये कानपूरला वेस्ट इंडिजविरुद्धच शतक केलं, १०२. कुणी म्हणेल, त्या संघात ते भयंकर गोलंदाज नव्हते. खरं आहे, बरेचसे तेव्हा पॅकरकडे खेळत होते. मग १९८३ मध्ये ते पुन्हा वेस्ट इंडिजला गेले, पुन्हा सबिना पार्क, पुन्हा सलामीला, आणि समोर पुन्हा होल्डिंग, शिवाय मार्शल, रॉबर्ट्स आणि गार्नर. आता सिनेमा असता तर शतक झालं असतं. तसं काही झालं नाही. पहिल्या डावात एक धाव काढून होल्डिंगच्याच चेंडूवर ते बाद झाले. मला ती एक धाव फार मोठी वाटते. सात वर्षांनी त्याच जागी तो माणूस गार्ड घेऊन उभा राहिला, हे फलकावर कुठे लिहिलेलं नसतं.

त्याच वर्षी सप्टेंबरात जालंधरला पाकिस्तानविरुद्ध त्यांनी २०१ धावा केल्या. लागली ६७१ मिनिटं, म्हणजे अकरा तास अकरा मिनिटं. प्रथम श्रेणी क्रिकेटमधलं तोवरचं ते सर्वांत संथ द्विशतक. लोकांनी थट्टाही केली. कान फुटल्यामुळे ते संथ झाले असं मी म्हणत नाही, चिवट ते आधीही होते. एवढंच म्हणतो की एकूण ४० कसोटी, १९८५ धावा, दोन शतकं, तीसच्या आसपासची सरासरी, मध्ये मध्ये संघाबाहेर, असं परतणं हेही परतणंच असतं. आपल्यापैकी बहुतेकांचं परतणं तीसच्या सरासरीचं असतं. पुढे ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. जखमी खेळाडूला काय विचारू नये हे त्यांना नक्की ठाऊक असणार. ३१ जुलै २०२४ रोजी, रक्ताच्या कर्करोगाशी झुंजून, ते याच शहरात वारले.

आणि सगळे असेही परतत नाहीत. शेजारच्या गोध्र्यात जन्मलेले नरी कॉन्ट्रॅक्टर भारताचे कर्णधार होते. १९६२ मध्ये बार्बाडोसला ग्रिफिथच्या चेंडूने त्यांच्या कवटीला तडा गेला. जीव वाचवायला फ्रँक वॉरेलने, प्रतिस्पर्धी कर्णधाराने, आपलं रक्त दिलं. ते वाचले, पुढे अनेक वर्षं रणजीत खेळलेसुद्धा. पण कसोटी संघात त्यांना पुन्हा जागा मिळाली नाही. अठ्ठाविसाव्या वर्षीच ते दार मिटलं.

आता याकोब. उत्पत्तीचा ३२ वा अध्याय आपण शेकडो वेळा ऐकला आहे. यब्बोकाच्या उताराजवळ रात्रभर झोंबी, पहाटे जांघेचा सांधा निखळला, आशीर्वाद मिळाला, नवं नाव मिळालं. संदेशांत आपण नव्या नावावर बोलतो. सूर्य उगवला तेव्हा तो लंगडत होता हे आपण घाईने ओलांडतो. आशीर्वाद आणि लंगडणं एकाच रात्रीचे आहेत, आणि सकाळी देवाने आशीर्वाद ठेवून लंगडणं काढून घेतलं असं तिथे कुठेही नाही.

त्याहून मला पुढचा अध्याय आवडतो. एसाव म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब म्हणतो, तू पुढे हो. मुलं कोवळी आहेत, दुभती जनावरं आहेत, मी त्यांच्या चालीने सावकाश येतो. हा तोच याकोब, ज्याने टाच धरून जन्म घेतला, ज्याला भावाच्या आधी सगळं हवं होतं. आता तो पोरांच्या आणि वासरांच्या पावलाने चालतो. कारण म्हणून तो मुलांचं नाव सांगतो, पायाचं सांगत नाही. त्यालाही लंगडायची चोरी होती का, असं मला हल्ली वाटतं. पण त्याची चाल बदलली आणि खेळही बदलला, एवढं नक्की. आता तो बाहेरून बॉल टाकतो.

आमच्या मंडळीतले एक बुजुर्ग माझं हे ऐकून म्हणाले, "अर्धवट बरं होण्याची शिकवण देऊ नका. प्रभूने बरं केलं की पूर्ण बरं करतो. उरलं असेल तर विश्वास कमी पडला." मी त्यांचा आदर करतो. पण मग पौलाच्या शरीरातल्या काट्याचं काय करायचं? त्याने तीनदा मागितलं, काटा गेला नाही, आणि त्याचा विश्वास कमी होता असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि योहानाच्या २० व्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू थोमाला आपले हात आणि कूस दाखवतो. मरणावर जय मिळवलेल्या देहावरसुद्धा खिळ्यांच्या खुणा आहेत. ज्याने कबर उघडली त्याला खुणा पुसता आल्या नसत्या का? त्या ठेवल्या गेल्या आणि थोमाला ओळख त्यांवरूनच पटली.

तरी माझा मुद्दा शास्त्रार्थाचा नाही, आपल्या वागण्याचा आहे. मंडळीत आपण दोनच याद्या ठेवतो. एक प्रार्थनेची, आजाऱ्यांची. दुसरी उपकारस्तुतीची, बरे झालेल्यांची. पहिल्या यादीतलं नाव दुसऱ्या यादीत गेलं की आपलं काम झालं. पक्षाघातातून उठलेले काका, ज्यांच्या तोंडून आता दोनच शब्द नीट निघतात. बायपासनंतर गायनमंडळात उभे राहणारे, पण वरचा सूर सोडून देणारे. मूल गेल्यावर वर्षभराने पुन्हा संडे स्कूल घेणारी बाई. ही सगळी परतलेली माणसं आहेत. कुठल्याच यादीत ती बसत नाहीत. त्यांना आपण हसून विचारतो, "आता अगदी पूर्वीसारखं ना?" प्रश्नात उत्तर भरलेलं असतं. तो बिचारा हो म्हणतो आणि घरी जाऊन लंगडतो. प्रशिक्षक मात्र त्या मुलीला वेगळंच विचारत होते, आता तुला काय जमतंय? कोर्टवर ती जितकी मोकळी होती तितकी चर्चमध्ये नव्हती. हे मला लिहायला जड जातंय, पण तसंच होतं.

मी पाळकसाहेबांशी बोललो. पुढच्या उपकारस्तुतीत मी उभा राहून सांगितलं की मागच्या वेळी मी विचारल्याशिवाय बोललो आणि जास्त बोललो. हालेलूया कुणी म्हटलं नाही. उपासना संपल्यावर ते पक्षाघातवाले काका माझ्याकडे आले आणि त्यांनी नुसता माझा हात धरून ठेवला, बराच वेळ.

नंतर मी त्या मुलीला विचारलं, तुझं नाव कुठल्या यादीत ठेवू? ती म्हणाली, "कुठल्याच नको, काका. शनिवारी मॅच आहे, तुम्ही या." मी म्हटलं, मला त्या खेळातलं काही कळत नाही. ती म्हणाली, "मी आत घुसले नाही तर ओरडू नका, तेवढं पुरे."

शनिवारी साडेचारला सामना आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी चारला चर्चच्या फाटकाशी भेटावं.